अकरा की बारा? उबुंटूवर नवं ईमॅक्स बसवताना

ईमॅक्स म्हणजे मजकूर आणि कोड लिहायचं एडिटर. उबुंटू (लिनक्स) २२.०४ वर ॲप्टने, म्हणजे तिथल्या पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेने, ईमॅक्स घेतलं की आवृत्ती २७.१ पदरात पडते. मला २९ हवं होतं. एगलॉट (कोड लिहिताना सूचना देणारं) आणि ट्री-सिटर (कोडची रचना ओळखणारं) यांची सोय त्यात आतच आहे, शिवाय नेटिव्ह कंपायलेशनमुळे, म्हणजे ईमॅक्सचा लिस्प कोड थेट यंत्रभाषेत उतरवल्यामुळे, वेग वाढतो. स्नॅपवर, म्हणजे उबुंटूच्या दुसऱ्या पॅकेज-व्यवस्थेत, नवी आवृत्ती तयार मिळते; घाई असेल त्याने खुशाल ती घ्यावी. मला सोर्सवरूनच, म्हणजे मूळ कोड उतरवून, बांधायचं होतं. हट्ट म्हणा.

लागणाऱ्या लायब्ऱ्यांसाठी ‘ॲप्ट बिल्ड-डेप ईमॅक्स’ चालवायचं, हे सगळे सांगतात. ते आधी डेब-सोर्सच्या ओळी (सोर्स पॅकेजं कुठून आणायची ते सांगणाऱ्या) नाहीत म्हणून अडतं. ओळी सोर्सेस डॉट लिस्टमध्ये असतात, फक्त पुढे हॅश (#) असतं, त्यामुळे त्या बंद असतात. ते काढून ॲप्ट अपडेट केलं की ढीगभर पॅकेजं उतरतात आणि वाटतं, झालं काम.

कसलं काय! उतरतात ती २७.१ ला लागणारी. गेल्या वर्षीची पुस्तकांची यादी घेऊन यंदाच्या वर्गात बसण्यातला प्रकार. नेटिव्ह कंपायलेशन आलं २८ मध्ये, ट्री-सिटर २९ मध्ये. त्या यादीत ही दोन्ही असणार कुठून?

मग नेटिव्ह कंपायलेशनचा पर्याय देऊन कॉन्फिगर, म्हणजे बांधण्याआधी लागणारं सामान आहे का ते तपासणारी स्क्रिप्ट. शेकडो ओळी ‘येस, येस’ म्हणत सरकतात आणि शेवटी थांबतात: लिबजीसीसीजिटच्या हेडर फायली सापडल्या नाहीत, लिबजीसीसीजिट-डेव्ह बसवून पाहा. (ही नेटिव्ह कंपायलेशनला लागणारी, जीसीसी कंपायलरची लायब्ररी; ती वापरून बांधायला हेडर फायली लागतात आणि त्या ‘डेव्ह’ पॅकेजात असतात.) उबुंटूत या पॅकेजांच्या नावात आकडा असतो, आणि कोणता घ्यायचा ते हा संदेश सांगत नाही. नवं ते चांगलं म्हणून बाराचं घेतलं. पुन्हा कॉन्फिगर, पुन्हा तेच वाक्य. फाइल डिस्कवर आहे, फाइंडला दिसते, कॉन्फिगरला मात्र दिसत नाही! टर्मिनलशी भांडता येत नाही म्हणून चहा केला.

कारण साधं निघालं. ही हेडर फाइल जीसीसीच्या त्या-त्या आवृत्तीच्या फोल्डरात बसते. २२.०४ चा मूळ कंपायलर जीसीसी ११. तो ११ च्या फोल्डरात शोधतो, १२ च्या फोल्डरात डोकावतसुद्धा नाही. लिबजीसीसीजिट-११-डेव्ह घातलं आणि गाडी पुढे सरकली. म्हणून आधी ‘जीसीसी --व्हर्जन’ बघा, मग तोच आकडा घ्या. संदेशात एवढी एक ओळ जास्त लिहायला कुणाचं काय जात होतं?

ट्री-सिटरचं डेव्ह पॅकेजही हातानेच घालावं लागतं. तिथे काही त्रास नाही.

मेक, म्हणजे प्रत्यक्ष बांधणारी आज्ञा, चालवण्याआधी कॉन्फिगरने शेवटी छापलेला गोषवारा जरूर वाचा. मराठी लिहिणाऱ्यांनी हार्फबझच्या ओळीपुढे ‘येस’ आहे ना, हे बघावं; जोडाक्षरं आणि वेलांट्या जागच्या जागी बसवण्याचं काम त्याचं. नेटिव्ह कंपायलेशनसह मेकला बराच वेळ लागतो, लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा.

‘मेक इन्स्टॉल’ झाल्यावरही जुनंच उघडलं तर घाबरू नका. नवं ‘यूएसआर-लोकल-बिन’मध्ये गेलेलं असतं, शेलला जुना पत्ता आठवत असतो. ‘हॅश -आर’ द्या किंवा नवं टर्मिनल उघडा. २९ चा आकडा दिसला तेव्हा उगाचच कॉलर ताठ झाली, खोटं कशाला सांगू.

आणि हो, सोर्सचं फोल्डर पुसू नका. पुढे काढून टाकायची वेळ आली तर ‘मेक अनइन्स्टॉल’ तिथूनच चालतं. ॲप्टला या ईमॅक्सचा पत्ताच नसतो.