बत्तीसची दोन काडतुसं

त्या दिवसापासून बत्तीसचं, म्हणजे .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) रिव्हॉल्वर दुरुस्तीला आलं की मी आधी मालकाकडची काडतुसं बघायला मागतो, हत्यार नंतर.

गिऱ्हाईक जांबोटीकडचा, काजूची बाग असलेला. पहाटे बागेत गड्यावर अस्वल आलं. यानं कमरेचं रिव्हॉल्वर काढून तीनदा चाप ओढला. घोडा पडला, बार एकदाही झाला नाही. आरडाओरड्यानं अस्वल पळालं, पण तोवर गड्याच्या डोक्याची कातडी फाटली होती. "मिस्त्री, एवढे पैसे घालून घेतलो, आणि ऐन वेळेला घोडा नुसता पडूलाय की," म्हणत त्यानं हत्यार टेबलावर ठेवलं.

लायसन्स बघितलं, नंबर जुळवला, वहीत नोंद केली. रिव्हॉल्वर कानपूरचं, सहा बारी, वेब्ली या इंग्रजी रिव्हॉल्वरच्या धर्तीवर मधून मोडणारं. आधी मेन स्प्रिंग तपासली, मग फायरिंग पिनचं टोक भिंगाखाली बघितलं. घोडा सावकाश ताणत सिलिंडरचं प्रत्येक घर नळीसमोर नेमकं अडकतं का, ते सहाही वेळा पाहिलं. सिलिंडर आणि नळीमधली फट पत्ती घालून मोजली. आमच्या कामात ही फट बघितल्याशिवाय हत्यार चांगलं म्हणणारा माणूस मी मिस्त्री मानत नाही. हत्यार निर्दोष होतं.

मग खिशातली काडतुसं मागितली आणि पोटात गोळा आला. ती पिस्तुलाची होती.

आपल्याकडं बत्तीसचं पिस्तूलही मिळतं आणि बत्तीसचं रिव्हॉल्वरही. दोन्ही सामान्य माणसाला परवान्यावर घेता येतात. पण रिव्हॉल्वरला लागतं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, त्याची केस, म्हणजे पितळी नळी, २३.४ मिलिमीटर लांब. पिस्तुलाचं ७.६५ मिलिमीटरचं, तेही बत्तीसच म्हणतात, पण केस १७.३ मिलिमीटर. हे आखूड काडतूस रिव्हॉल्वरच्या घरात अलगद बसतं, हीच खरी आफत. त्याच्या बुडाची कड पाव मिलिमीटरनं पातळ, म्हणून ते घरात ढिलं राहतं, आणि पिनचा फटका बुडातल्या टोपीवर, जिच्यानं दारू पेटते, पुरता बसत नाही. तिन्ही टोप्यांवर मला पुसट खळगे दिसले. आणि बार झाला असता तर? पिस्तुलाच्या काडतुसाचा दाब लाँगपेक्षा बराच जास्त. जुन्या हत्याराचं सिलिंडर त्यानं फाटू शकतं.

लायसन्सवरच्या खरेदीच्या नोंदीत दुकानदारानं नुसतं ".३२" लिहून शिक्का मारला होता. पिस्तूल की रिव्हॉल्वर, एवढं विचारायला किती वेळ लागतो? अशा माणसानं काडतुसं विकू नयेत, हे मी त्याच्या तोंडावरही सांगेन.

पण मला खरं छळतंय ते वेगळंच. काडतुसं बरोबर असती तरी काय? लाँगची ९८ ग्रेनची, म्हणजे सुमारे सव्वासहा ग्रॅमची शिशाची गोळी, वेग सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आसपास. अंगावर आलेल्या अस्वलाला ती थांबवेल, असं मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आवाजानं ते बिचकलं असतं, किंवा जखमी होऊन दुप्पट चवताळलं असतं. पोलिसांकडं असायचं ते .३८ सामान्य माणसाला मिळत नाही, कारण तो बोअर प्रतिबंधित. आणि तेही माणसासाठीच बनवलेलं. खानापूरच्या रानात राहणाऱ्याला जीव वाचवायला १२ बोअरची छऱ्याची बंदूक आणि एल.जी.चं, म्हणजे मोठ्या छऱ्यांचं काडतूस, हे मी वर्षानुवर्षं सांगतोय. पण रिव्हॉल्वर कमरेला बसतं, मोटरसायकलवर अडत नाही, चार माणसांत वजन वाढवतं. म्हणून लोक तेच मागतात.

"मग मी काय घेऊन जाऊ बागेत?" त्यानं विचारलं. गडी राखायला एकटा जाऊ देऊ नका, पहाटे जाऊच नका, पत्र्याचा डबा वाजवत जा, असं सांगितलं. १२ बोअरचा अर्ज तिथंच बसून लिहून दिला.

त्या अर्जाची चौकशी अजून पुरी झालेली नाही. काजूची बोंडं पिकायला लागलीत, आणि तो रोज बागेत जातोय.