बंद जवारीचा बेस

जुलैतला मंगळवार. रात्रभर पाऊस. दादरला पाणी भरायच्या आत पोहोचावं म्हणून लवकर निघालो, तर माझ्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानाच्या शटरपाशी एक गृहस्थ आधीच उभे होते. पाठीवर बेस गिटारची बॅग, तिच्यावर दुहेरी प्लॅस्टिक, आणि स्वतः मात्र चिंब भिजलेले. वसईहून आले होते. वय पंचावन्नच्या आसपास, स्टुडिओत वाजवण्यात तीस वर्षं गेलेली.

"मास्तर, उद्या सकाळी दहाला रेकॉर्डिंग आहे. बेस गायचा बंद झालाय."

बॅग उघडली आणि मी आधी हात पुसले. पाचतारी फ्रेटलेस, म्हणजे पट्टीवर धातूचे आडवे पडदे (फ्रेट) नसलेला. जर्मनीतल्या एका कारागिराने एकट्याने बनवलेला. अक्रोडाचं अंग, मेपलचा नेक (मान), वर बोटं दाबायची आबनूसची पट्टी. वजन चार किलोच्या आत. नेक हातात धरला तेव्हा तो एका बाजूला जास्त भरीव आणि दुसऱ्या बाजूला उतरता लागला. वापराने झिजला असेल असं मला वाटलं.

मग त्यांनी एक सूर धरला. सूर बरोबर होता, आवाज स्वच्छ होता, पण आत काही नव्हतं. रिकाम्या डब्यावर थाप मारावी तसा तो सुटला आणि विझला.

हकिगत अशी. पावसाळ्यात नेक उलटा वाकला आणि तारा पट्टीला घासून खरखरायला लागल्या. ते एका दुकानात घेऊन गेले. तिथे ट्रस रॉड (नेकचा बाक ठरवणारी आतली सळई) सैल केला. दिशा बरोबर होती, पण गरजेपेक्षा कितीतरी जास्त. वर ब्रिजही, म्हणजे बेसची घोडी, उचलला. खरखर गेली. त्यांना सांगण्यात आलं, "आता एकदम क्लीन आहे." तिथल्या माणसाने भुणभुण हा दोष मानला आणि मुळापासून काढून टाकला.

मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीत वाढलो. तंबोऱ्याची तार घोडीवर नुसती टेकत नाही. घोडीच्या माथ्याला अगदी सूक्ष्म उतार असतो, कंप पावणारी तार त्या उताराला हलकेच शिवत राहते, आणि त्या शिवण्यातून वरचे सूर फुलतात. तीच जवारी. आजोबा कानशीचे दोन हात मारायचे, तार चढवायचे, डोळे मिटून ऐकायचे, पुन्हा तार उतरवायचे. एका तंबोऱ्यापायी अख्खी दुपार जायची. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला सगळ्यात आधी ती कानस आठवली.

फ्रेटलेस बेसमध्ये हेच घडतं, फक्त घोडीपाशी नाही, बोटापाशी. फ्रेट नसल्यामुळे तार थेट लाकडावर दाबली जाते आणि बोटाच्या पुढे लाकडाला जवळजवळ समांतर निघते. पट्टी अगदी थोडी खोलगट असेल आणि तारा पुरेशा खाली असतील, तर प्रत्येक कंपनात ती लाकडाला निसटती शिवते. सूर उमलत उमलत वर येतो. बेसवाले त्याला 'म्वा' म्हणतात. मी मनातल्या मनात जवारी म्हणतो. सांगायचं तर त्या बेसची जवारी बंद झाली होती.

सरळपट्टी ठेवून मापलं. मधोमध ०.४५ मिलिमीटर खोली. इथे मला ०.१० ते ०.१५ पुरते. रॉड थोडा थोडा आवळत, मध्ये थांबत, नेक ०.१२ वर आणला. ब्रिज खाली घेतला. आवाज अर्धा परत आला, पण 'जी' (G) तारेवर सातव्या जागेपाशी सूर अडखळायला लागला. भिंगातून पाहिलं. राउंडवाउंड (गोल तारेच्या वेढ्यांच्या, खरबरीत) तारांनी आबनूसमध्ये बारीक चर पाडले होते.

इथे माझा हात थांबला. चर काढायचे तर पट्टी घासावी लागणार. कारखान्यातला बेस असता तर विचार केला नसता. त्यात कमीपणा काही नाही. बेसवादक जॅको पास्टोरियसने फ्रेटलेसला जो आवाज दिला तो कारखान्यातून निघालेल्या १९६२ च्या फेंडर जॅझ बेसवर, फ्रेट काढून आणि पट्टीवर इपॉक्सीचा थर देऊन. पण त्या बेसची मापं सगळ्या जगाला ठाऊक आहेत. या पट्टीची जाडी किती, आत काय बसवलंय, हे एकाच माणसाला माहीत होतं.

म्हणून साडेबाराला, म्हणजे तिकडच्या सकाळी नऊला, त्या कारागिराला फोटो आणि मापं पाठवली. पाऊण तासात उत्तर आलं. त्याने वही काढून पाहिली होती. पट्टी मूळ सहा मिलिमीटर, नेकमध्ये कार्बनच्या दोन सळया, ०.३ पर्यंत काढायला हरकत नाही. शेवटी एक ओळ: नेक मुद्दाम तिरका कोरलाय, त्याचा आकार बदलू नकोस, त्यांच्या डाव्या करंगळीला जुनी दुखापत आहे.

मी ती ओळ वाचून दाखवली. ते हसले आणि करंगळी पुढे केली. लहानपणी दारात चेंगरलेली, पूर्ण सरळ होत नाही. बेस बनवायला सांगितला तेव्हा कारागिराने लाकडाबद्दल शेवटी विचारलं होतं. आधी त्यांचे दोन्ही हात वाजवताना, बसून आणि उभं राहून, व्हिडिओवर मागवले. नंतर सव्वा वर्षाचं थांबणं. बायकोला त्यांनी सांगितलं होतं, हा शेवटचा बेस. ते खरं ठरलं, त्यानंतर दुसरा घ्यावासा वाटला नाही.

हातबनावटीच्या बेसचं कौतुक करणारे बहुतेक जण लाकडाच्या रेषांचे फोटो दाखवतात. रेषा सुंदर असतातच. माझ्या मते खरी किंमत त्या प्रश्नांची आहे. बेसवादक अँथनी जॅक्सन यांना सहा तारांचा बेस हवा होता तेव्हा तो कुठे विकत मिळत नव्हता. १९७५ मध्ये न्यूयॉर्कचे कारागीर कार्ल थॉम्पसन यांनी तो करून दिला, आणि पुढे ब्रुकलिनच्या फोडेरा या बेस बनवणाऱ्या कंपनीबरोबर जॅक्सन यांचं तेच काम चालू राहिलं. वाजवणारा सांगतो, करणारा कोरतो, पुन्हा वाजवून पाहतो. आमच्या गल्लीत गवयी मंडळी तंबोरा घेऊन येऊन बसायची ते याचसाठी.

तारा उतरवल्या. पट्टीवर पेन्सिलीने आडव्या रेघा मारल्या, गोलाईच्या ठोकळ्याला ३२० चा पॉलिश पेपर लावला आणि नेकच्या पूर्ण लांबीचे हात मारत गेलो. रेघा जिथे आधी पुसतात तिथे उंचवटा. चर गेले की थांबायचं, एक हातही जास्त नाही. मग ६००, मग १०००, मग तेल. ते समोरच्या स्टुलावर बसून होते. जेवायला जा म्हटलं तरी हलले नाहीत. काळी भुकटी पडताना पाहून एकदा म्हणाले, "हळू हं मास्तर." मी म्हटलं, "सर, हळूच चाललंय."

तारा चढवून, नेक बसायला वेळ देऊन, पुन्हा मापून रात्रीचे नऊ वाजले. भिंतीवरचा माझा तंबोरा काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावलेला असतो. तो काढून छेडत बसलो आणि त्यांना म्हटलं, 'ए' (A) तारेवर चौथ्या जागी धरा. तंबोऱ्याच्या खर्जाचाच तो सूर.

त्यांनी बोट ठेवलं. सूर खालून उठला, फिरला, उघडला आणि तंबोऱ्यात असा मिसळला की मला माझी तार वेगळी ऐकू येईना. त्यांनी बोट उचललं नाही, नुसतं किंचित डोलवलं. डोळे भरले होते. माझेही.

ते तासभर वाजवत राहिले. वसईची गाडी चुकेल म्हणून मीच बॅग पुढे केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला की रेकॉर्डिंग पहिल्याच टेकमध्ये झालं. तोवर मी नवी मापं आणि त्या एका सुराचं फोनवर घेतलेलं रेकॉर्डिंग जर्मनीला पाठवून दिलं होतं. उत्तरात कारागिराने पट्टीची नवी जाडी वहीत लिहिल्याचं कळवलं आणि विचारलं, बेसच्या मागे जे वाजतंय ते कोणतं वाद्य, आणि त्याचा आवाज असा उघडा कसा?

मी तंबोरा टेबलावर आडवा ठेवला आणि घोडीचे फोटो काढायला घेतले, आधी समोरून, मग कडेने, उतार दिसेल असे.