भोवरा, भाग ४: तोल होता, तरी तोल नव्हता

मंडळी, भोवरा, म्हणजे माझा फिरत्या कवचाचा लढाऊ रोबोट, फिरला. टेस्ट बॉक्समध्ये ४,८०० आरपीएमला (मिनिटाला फेरे), न डोलता आणि जागचा न हलता. मागच्या भागात मी "आता बारीकसारीक कामंच उरलीत" असं लिहिलं होतं, ते वाक्य कृपया विसरून जा. पुढचे सहा आठवडे एकाच दुखण्यात गेले.

"एक काळ, एक बॉट" या मालिकेतला वेज मी दोन शनिवारांत उरकला होता. ला मशीन या जुन्या वेज बॉटच्या वारशात करायचं ते काय? उतरता पत्रा, दमदार ड्राइव्ह आणि पुढे ढकलायचं. त्याच जोरावर मी ब्लेंडोच्या वाटेला गेलो. मार्क थॉर्पने १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्ट मेसनला पहिलं रोबोट वॉर्स (रोबोटांच्या लढतींची स्पर्धा) भरवलं. पुढच्याच वर्षी जेमी हायनमन आणि ॲडम सॅव्हेज तिथे ब्लेंडो घेऊन आले. उपड्या कढईसारखं कवच, खाली गवत कापण्याच्या यंत्राचं इंजिन, आणि कवच म्हणजेच हत्यार. समोरच्या बॉटचे तुकडे आखाड्याच्या कडेवरून पलीकडे उडायला लागले, तेव्हा आयोजकांनी त्याला पुढे खेळू न देता विजेतेपदात वाटा देऊन बाजूला बसवलं. हरवून नव्हे, घाबरून! या खेळात याहून मोठा सन्मान मला तरी माहीत नाही.

तर भोवरा म्हणजे ब्लेंडोचा १,३६० ग्रॅमच्या वजनमर्यादेतला नातू. दातासकट शेल (फिरतं कवच) ४५० ग्रॅम, दात एकच, ६० ग्रॅमचा, शेलच्या खालच्या काठावर. ६,००० आरपीएमला साधारण साडेपाचशे ज्यूल आणि दाताच्या टोकाला ताशी २२६ किमी, असा कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात ३,००० च्या आसपासच शेल डोलायला लागायचं, आणि मग सगळा बॉट दारू प्यायल्यासारखा गोल गोल चालायचा.

पहिला संशय जायरोवर, म्हणजे वळणं मोजणाऱ्या सेन्सरवर. शेल वेग घेताना चासी उलट्या दिशेला वळते, म्हणून ड्राइव्हला हेडिंग होल्ड (जायरोच्या आधारे तोंड एकाच दिशेला धरून ठेवणारी सोय) लावला होता. थरथरीने जायरोची वाचनं वेडीवाकडी येत होती हे खरंच, पण तो बंद केल्यावरही डोलणं तसंच. निष्पाप निघाला बिचारा.

दुसरा संशय बेअरिंगवर, आणि इथे मला थोडं बोलायचंय. ज्या विक्रेत्याकडून मी ती मागवली (नाव घेत नाही), त्याच्या "अचूक" बेअरिंगच्या दहाच्या पाकिटातली चार हातात घेऊन हलवली तरी खुळखुळत होती. खुळखुळा हवा असता तर खेळण्यांच्या दुकानात गेलो असतो. दुसरीकडून चांगली आणली, बसवली. आवाज सुधारला, डोलणं नाही.

मग तोल. दोन पट्ट्यांच्या धारांवर शाफ्ट आडवा ठेवायचा आणि शेल कुठे स्थिरावतं ते बघायचं, ही जुनी आणि भरवशाची पद्धत. दातासमोर ६० ग्रॅमचं प्रतिवजन होतंच. अर्ध्या ग्रॅमपर्यंत खरवडत गेलो. शेवटी शेल कुठल्याही कोनात सोडलं तरी तिथेच थांबायचं. तोल उत्तम! बॉक्समध्ये ठेवलं, ३,००० गाठले, पुन्हा तेच. त्या रात्री मी टूलबॉक्सला लाथ मारली. टूलबॉक्सला काही झालं नाही.

सुटका केली ती फोनच्या स्लो मोशनने. काठावर पांढरी रेघ मारून सेकंदाला २४० फ्रेमने चित्रण केलं. वेग मुद्दाम २,४०० वर धरला, म्हणजे एका फेऱ्याला बरोबर सहा फ्रेम मिळतात. वीसेक वेळा बघितल्यावर दिसलं की शेल बाजूला सरकत नाहीये, ते कलतंय. दाताकडचा खालचा काठ बाहेर ओढला जातोय आणि समोरची वरची कड उलटीकडे.

दात जमिनीपासून १२ मिमीवर होता आणि प्रतिवजन ४२ मिमीवर, कारण खाली चाकं आडवी येत होती म्हणून मी ते वर चिकटवलं होतं. पट्ट्यांवर ठेवल्यावर हा फरक कळणारच नाही, तिथे फक्त त्रिज्या मोजली जाते. फिरताना मात्र दोन्ही वजनं ९ सेंमी त्रिज्येवर, ३,००० आरपीएमला, प्रत्येकी सुमारे ५३० न्यूटनने बाहेर खेचतात. म्हणजे चोपन्न किलोची ओढ, एक खाली आणि एक वर, मध्ये ३ सेंमीचं अंतर. होतं सोळा न्यूटन-मीटरचं पिळणं. माझी दोन बेअरिंगं एकमेकांपासून २२ मिमीवर, त्यामुळे प्रत्येकावर सातशे न्यूटनच्या वर बोजा, तोही सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलणारा. ६,००० ला याच्या चौपट. खुळखुळणाऱ्या बेअरिंगांनी आधीच हात टेकले ते बरंच झालं.

दोन सारखे दात एकाच उंचीवर लावून मोकळा हो, असं तुमच्यापैकी एकाने भाग २ नंतरच सुचवलं होतं. तेव्हा मी बाइटचं (दात दर घावाला समोरच्यात किती खोल शिरतो त्याचं) कारण देऊन ते उडवून लावलं. ते कारण अजूनही खरंय. सेकंदाला १ मीटरने भिडलं तर ६,००० ला एका दाताला १० मिमी बाइट मिळतो, दोन दातांना ५. पाच मिमीत शेल नुसतं घासत राहतं. दात एकच हवा, पण प्रतिवजन त्याच्याच उंचीवर हवं.

आतून जागा नाही, म्हणून ते बाहेरून लावलं. ठोकळ्याऐवजी काठाला १२० अंशांत वळवलेली ४ मिमी जाडीची पोलादी पट्टी, उंची दाताइतकीच. वजन कमानीवर पसरलं की परिणामकारक त्रिज्या घटते (साधारण ०.८३ पट), त्यामुळे ६० ऐवजी सव्वाबहात्तर ते साडेबहात्तर ग्रॅम लागले. दात १२ मिमी बाहेर आणि पट्टी ४ मिमी, तेव्हा बाइट दाताचाच राहिला. शिवाय काठाला चिलखत फुकट मिळालं.

मग परवाची संध्याकाळ. पॉलीकार्बोनेटचा बॉक्स बंद, मी दुसऱ्या खोलीत, कॅमेरा चालू. ३,००० ला भिंगरीसारखं शांत. ३,५००. ४,०००. ४,८०० ला आवाज बदलला. डोलण्याचा नव्हे, भोवरा गुंगतो तसा. मी पाच मिनिटं नुसता ऐकत बसलो. एएम३२ फर्मवेअरवरचा ईएससीही (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) अजिबात अडखळला नाही. या फर्मवेअरबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी एकदा स्टार्टअपची सेटिंग्ज नीट लावून बघावीत.

५,००० च्या पुढे अजून एक बारीक कंप आहे. शाफ्ट लवतोय असं वाटतं. बेअरिंगमधलं अंतर वाढवायला शाफ्ट लांब करायचा म्हटलं तर शेल उंच होतं आणि वजन... थांबा. हे लिहिता लिहिताच सुचलं. उलटल्यावर सरळ होण्यासाठी गिगाबाइट या फिरत्या कवचाच्या बॉटसारखा डोक्यावर दांडा लावायचा हे भाग ५ साठी ठेवलं होतं. तो दांडा म्हणजे वर वाढवलेला स्थिर शाफ्टच ना? तो फिरत नाही, म्हणजे तोलाला धक्का नाही. वरचं बेअरिंग १२ मिमी उंच एका छोट्या हबमध्ये नेलं की अंतर २२ चं ३४ होईल आणि शेल तसंच बुटकं राहील. आधी का नाही सुचलं?

म्हणजे टायटॅनियम चाकांचा बेत रद्द, आता ॲल्युमिनियमचा हब आधी. भाग ६ ला केऑस २ या बॉटच्या धर्तीचा फ्लिपर (समोरच्याला गॅसच्या जोरावर उलटवणारा) ठरला होता, पण इतक्या छोट्या वजनात गॅसची टाकी आणि व्हॉल्व्ह कोंबण्याची हौस सध्या फिटली आहे. त्याऐवजी बायोहॅझर्ड या बॉटचा चार दांड्यांचा लिफ्टर करावा म्हणतोय. तसंही तो मला जास्त आवडतो. लोक हिप्नो-डिस्क या फिरत्या चकतीच्या बॉटच्या ठिणग्यांवर भाळतात, मी त्या बुटक्या, निमूट उचलणाऱ्या हातावर.

आत्ताचं काट्यावरचं वजन १,३६९ ग्रॅम, हब अजून त्यात धरायचा आहे. लायपो बॅटरीची वायर आखूड केली तर चार ग्रॅम सुटतील. बाकीचे टीपीयूच्या (लवचीक प्लास्टिकच्या) बंपरमधून खरवडावे लागणार, किंवा तळाच्या प्लेटला भोकं. प्लेटला भोकं पाडलेला बॉट कोणी अंडरकटरसमोर (जमिनीलगत आडवं पातं फिरवणाऱ्या बॉटसमोर) उभा केलाय का? कसा टिकला ते सांगा.