केळीला बी का नसतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण हा प्रश्न मला नवा नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि माहेर जळगावच्या केळीपट्ट्यातल्या रावेरकडचं, एवढं कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी विचारतंच. मामा तर दर दिवाळीला विचारायचे, "पोरी, केयीले बी काबरं नसते व?" बरीच वर्षं मी "ती ट्रिप्लॉइड असते मामा" म्हणून सुटायचे. नाव सांगितलं म्हणजे उत्तर दिलं, असं तेव्हा वाटायचं.

आधी एक करा. पिकलेलं केळं आडवं कापा. मधोमध बारीक काळे ठिपके दिसतील. ती बी होता होता राहून गेलेली बीजांडं. जंगली केळ्यात त्याच जागी दात हलेल इतकं टणक काळं बी असतं.

जंगली केळीच्या पेशीत २२ गुणसूत्रं, म्हणजे ११ जोड्या. आपल्या ग्रँड नैन या जातीत ३३, अकराही प्रकारची तीन-तीन. म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच, म्हणून ती ट्रिप्लॉइड. बी धरायचं तर आधी परागकण आणि अंडपेशी तयार व्हायला हव्यात, आणि त्यांच्यात प्रत्येक प्रकारचं एकेकच गुणसूत्र जायला हवं. ही वाटणी म्हणजे शाळेत पाठ केलेलं अर्धगुणसूत्री विभाजन. पण पेशीला डोळे नाहीत. अमक्याचा जोडीदार तमका, हे तिला कळतं कसं?

हे मामांना मी शेवटी गोठ्यात दाखवलं. दोन दावी शेजारी शेजारी धरली, एकाचं टोक त्यांच्या हातात, दुसऱ्याचं माझ्या. दोघांनी ओढलं. काहीच झालं नाही, जो तो आपलं दावं घेऊन मागे सरला. मग दोन्हींना मध्ये एक गाठ मारली आणि पुन्हा ओढलं. दावी ताठ झाली. पेशी हा ताणच तपासते. दोन्ही बाजूंनी ओढ बसली म्हणजे जोडी नीट लागली, एक इकडे आणि एक तिकडे जाणार. गाठच नसेल तर दोघंही एकाच बाजूला जाऊ शकतात.

ही गाठ म्हणजे क्रॉसिंग ओव्हर, जोडीतल्या दोन गुणसूत्रांनी आपापले तुकडे एकमेकांत बदलून घेणं. ती मारण्यासाठी पेशी जे करते, ते शिकवताना मी अजूनही क्षणभर थांबते. ती स्वतःचाच डीएनए तोडते! स्पो ११ नावाचं प्रथिन डीएनएचे दोन्ही धागे आरपार कापतं, तेही एका जागी नाही. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडोप्सिस या रोपट्यात गुणसूत्रांच्या जोड्या पाच, पण काप दीडशेच्या वर. त्यातले बहुतेक गुपचूप सांधले जातात. खरी अदलाबदल होते ती साधारण दहा ठिकाणी. म्हणजे जोडीला सरासरी दोन गाठी, आणि एकही गाठ नाही अशी जोडी क्वचितच. नुसत्या नशिबावर सोडलं असतं तर एखाद्या जोडीला पाच आणि दुसरीला शून्य, असं सर्रास झालं असतं.

शिवाय एक गाठ पडली की तिच्या जवळपास दुसरी सहसा पडत नाही. फळमाशीवर काम करताना हर्मन मुलर यांनी १९१६ मध्ये याला इंटरफिअरन्स हे नाव दिलं. नाव मिळालं, कारण मात्र कळत नव्हतं. (माझ्या ट्रिप्लॉइडसारखंच.) २०२१ मध्ये इंग्लंडच्या जॉन इनेस सेंटरमधल्या गटाने अरॅबिडोप्सिसवरून एक स्पष्टीकरण मांडलं. ते ऐकून केळीवाल्याला तरी नवल वाटू नये. केळीच्या बुंध्याशी पिलं फुटतात. एक जोर धरतं आणि भोवतालची रोडावतात. गुणसूत्रावर एचईआय १० नावाच्या प्रथिनाचे असेच बारीक बारीक ठिपके सुरुवातीला लांबीभर पसरलेले असतात. जो जरा मोठा, तो गुणसूत्रावरून सरकणारं प्रथिन ओढून घेत आणखी वाढतो आणि शेजारचे विरतात. उरलेल्या मोजक्या मोठ्या ठिपक्यांच्या जागी गाठ पडते. प्रथिनाचा साठा मोजका, म्हणून गाठी मोजक्या आणि एकमेकींपासून लांब. फरक इतकाच की आपण पिलं कोयत्याने कापतो, इथे कुणी कापायला येत नाही.

आता गोठ्यात तिसरं दावं आणा. दोघांची गाठ पडली तर तिसरं मोकळं, कुणाच्याही बाजूला जाईल. तिघांची एकत्र गुंतवळ झाली तर एका बाजूला दोन आणि दुसरीला एक. हे अकराही प्रकारांत वेगवेगळं घडतं, म्हणून सगळा हिशेब जुळलेली अंडपेशी मिळणं जवळपास अशक्य. बी मरतं. तरी फळ धरतं, कारण या केळीला फळ धरायला परागसिंचन लागतच नाही. तो निराळाच गुण आहे आणि माणसाने तो पिढ्यानपिढ्या निवडून जपला. नुसते गुणसूत्रांचे तीन संच असून भागलं नसतं, बी नाही आणि फळही नाही अशी गत झाली असती.

बी नाही म्हणून लागवड कंदाची, नाहीतर टिश्यू कल्चरच्या रोपांची. बी नाही म्हणून अदलाबदल होऊन आलेली नवी पिढीही नाही. रावेरपासून चोपड्यापर्यंतची ग्रँड नैन म्हणजे एकाच झाडाच्या प्रती, जे एकीला सोसत नाही ते सगळ्यांना सोसत नाही. करपा रोग कसा बांध ओलांडून येतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

मामांनी हे सगळं ऐकलं. तिन्ही दावी हातात तशीच होती. मग म्हणाले, "मंग चौथं दावं आनलं तं?"

मी उठले होते, ती पुन्हा बाजेवर बसले. चार आणले तर दोन-दोनच्या जोड्या लागू शकतात, वाटणी बरीचशी जुळते. बिनबियांचं टरबूज असंच करतात. चार संचांच्या वेलावर दोन संचांच्या वेलाचा पराग टाकला की तीन संचांचं बी मिळतं, आणि ते पेरलं की फळात बी धरत नाही. मामांनी दावी खुंटीला अडकवली आणि विचारलं, ते बी आपल्याकडे मिळतं का.