वायसनबॉर्नच्या गिटारींची नोंदवही

शनिवार, रात्री

वायसनबॉर्न म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉस एंजलिसमध्ये बनलेली, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार. तिच्यावर नंबर नसतो. या गिटारींचा संदर्भग्रंथ करायला बसलं की पहिली पंचाईत हीच. मोठ्या कारखान्यांच्या गिटारींवर आकडा असतो, आकड्यावरून साल निघतं आणि सालावरून पुढचं जुळवता येतं. त्या बनवणारे कारागीर हर्मन वायसनबॉर्न यांच्या गिटारीच्या साउंडहोलमधून, म्हणजे पुढच्या गोल भोकातून, आत डोकावलं तर मागच्या फळीवर ढालीच्या आकाराचा डागलेला शिक्का दिसतो. त्यावर त्यांचं नाव आणि लॉस एंजलिस. बस. त्यामुळे ज्या त्या वाद्यालाच बोलतं करावं लागतं. ते मोजायचं, उजेडात धरायचं, आत आरसा घालून बघायचं आणि दिसेल तेवढंच लिहायचं.

आजची गिटार स्टाइल ४ होती. स्टाइल १ अगदी साधी, किनारीला काही नाही. तिथून सजावट वाढत जाते आणि ४ वर किनार सगळीकडे फिरते: पोटाच्या पुढून, मागून, दांडीच्या कडेने, डोक्याभोवती, साउंडहोलभोवती. फिकट आणि गडद लाकडाचे बारीक तिरपे तुकडे एकाआड एक बसवलेले असतात, लांबून पीळ घातलेल्या दोरीसारखे दिसतात. गिटार उपडी करून मी तळाशी, जिथे दोन्हीकडून आलेली किनार मिळते तिथे भिंग लावलं. शेवटचा तुकडा बाकीच्यांपेक्षा अरुंद होता. उरलेली जागा बघून, तासून बसवलेला. असे तुकडे आता मी प्रत्येक गिटारीत शोधते, कारण कारागिराचा हात तिथेच सापडतो.

घोडी मात्र बदललेली. वायसनबॉर्नची मूळ घोडी दोन्ही बाजूंना निमुळती होत जाते. वटवाघळाच्या पंखांचा आकार म्हणून जाणकार तिला बॅटविंगच म्हणतात. इथे कुणीतरी सरळसोट आयताकृती पट्टी चिकटवली होती. गिटारीचे मालक म्हणाले, ‘ही असली खराब झालेली कशाला घेता पुस्तकात?’ मी दिवा आडवा धरला आणि त्यांना दाखवलं: नव्या घोडीच्या दोन्ही टोकांबाहेर जुन्या पंखांची सावली तबलीवर, म्हणजे पुढच्या फळीवर, अजून होती, तिथलं लाकूड कमी उन्हाळलेलं. त्या सावलीवरून जुन्या घोडीची रुंदी मिळाली. इतकी खात्रीची माहिती चकचकीत, नव्याने फवारलेल्या गिटारीतून मिळत नाही. जुनं पातळ पॉलिश खरवडून त्यावर जाड लॅकर मारलं की आवाज दबतो आणि खुणाही पुसल्या जातात. याचा मला मनापासून राग येतो.

मंगळवार

प्रस्तावनेचा मजकूर आवरला. जन्म १८६३, जर्मनीत हॅनोव्हर. १९०२ मध्ये न्यूयॉर्क, १९१० च्या सुमारास लॉस एंजलिस. आधी व्हायोलिन आणि पियानोची कामं, मग हवाईयन गिटारी. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पनामा-पॅसिफिक प्रदर्शन भरलं, तिथल्या हवाईच्या दालनात लोकांनी मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी तुकडा सरकवत वाजवलेली गिटार ऐकली आणि सगळी अमेरिका तिच्यामागे लागली. १९२० च्या दशकात साऊथ सॅन पेड्रो स्ट्रीटवरचा वायसनबॉर्नचा कारखाना जोरात होता.

मग १९२७ मध्ये नॅशनल कंपनीची, आत धातूची तबकडी बसवून आवाज मोठा करणारी धातूची रेझोनेटर गिटार आली, तिच्यापुढे लाकडी वाद्याचा आवाज मोठ्या सभागृहात पुरेना. १९३२ मध्ये रिकनबॅकर कंपनीची विजेवर चालणारी स्टील गिटार बाजारात आली. दोन्ही याच शहरातल्या. वायसनबॉर्न १९३७ मध्ये वारले. पुढे डेव्हिड लिंडली आणि बेन हार्पर या अमेरिकन वादकांनी ही गिटार हातात घेतली, तेव्हा नव्या पिढीला तिचं नाव कळलं. एवढंच लिहिलंय. चरित्रात पानं घालवायची नाहीत, पानं वाद्यांसाठी हवीत.

शुक्रवार

आज सहकाऱ्याशी बराच वाद झाला. त्याचं म्हणणं, प्रत्येक गिटारीखाली अंदाजे का होईना, साल टाकू. वाचक तेच आधी शोधतो. मी अजिबात तयार नाही. एकदा छापलं की ‘अंदाजे’ गळून पडतं आणि साल तेवढं उरतं. पुढचा माणूस आपल्या गिटारीचं साल त्यावरून ठरवतो, त्याच्यावरून आणखी कुणी. त्यापेक्षा गट करू: पातळ पोटाच्या, ओबडधोबड अशा सुरुवातीच्या; त्यानंतरच्या, आकार ठरत गेलेल्या; आणि चारही स्टाइल पक्क्या झाल्यानंतरच्या. आधीची कुठली आणि नंतरची कुठली हे वाद्य स्वतः सांगतं.

दुसरा हट्ट: पहिलं प्रकरण ख्रिस नूट्सन यांचं. हे नॉर्वेत जन्मलेले कारागीर. आधी पोर्ट टाउनसेंड आणि सिॲटल, मग लॉस एंजलिस. पोकळ दांडीची हवाईयन गिटार वायसनबॉर्न यांच्या आधी त्यांनी केली. नूट्सनच्या दोन गिटारी एकसारख्या सापडणं कठीण, हाताला येईल तसं काम. वायसनबॉर्न यांनी तीच कल्पना घेऊन मापात आणली, दोन्ही बाजू सारख्या केल्या, जोड स्वच्छ केले. नूट्सनना तळटीपेत टाकलं तर वायसनबॉर्न यांनी नेमकं काय केलं तेच कळणार नाही.

तिसरा प्रश्न कोना गिटारींचा. त्या सी. एस. डिलॅनो या लॉस एंजलिसच्या शिक्षकांच्या नावाने विकल्या गेल्या. पोट खोल, दांडी भरीव. आधीच्या नूट्सनच्या हातच्या, नंतरच्या वायसनबॉर्नच्या. त्यांना स्वतंत्र भाग दिला.

रविवार

सकाळपासून आवाजाचं काम. प्रत्येक गिटारीच्या नोंदीबरोबर सहा मोकळ्या तारांचं ध्वनिमुद्रण द्यायचं, सारख्याच तारा, सारखाच माइक, सारखंच अंतर. आजची स्टाइल १ होती. साधी, खरचटलेली, पण तार छेडली की सूर लांबपर्यंत टिकतो. दांडी जवळजवळ डोक्यापर्यंत पोकळ, म्हणजे पोटातली हवा तिथवर जाते. तबली पातळ, आतल्या पट्ट्या एक्सच्या आकारात आणि बारीक. सगळं अंग कोआ लाकडाचं. कोआ फक्त हवाई बेटांवर होतो, आपल्या बाभळीचा नातलग. पडदे नावापुरते, पृष्ठभागाशी सपाट बसवलेल्या रेघा, कारण बोट दाबायचंच नसतं. तारा उंच, त्यांवरून पोलाद फिरतं. माझं बालपण मिरजेत सतारमेकर गल्लीच्या आसपास गेलं, तंबोऱ्याची जवारी लावताना कान कसा लावतात ते मी बघितलेलं आहे. या गिटारीवर षड्जावरून गंधारावर मींड घेतली की मधली एकही श्रुती सुटत नाही. मला या गिटारीचा नाद लागला तो त्यामुळेच.

मिरजेचाही विचार सतत मनात आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना आता भौगोलिक मानांकन मिळालं, फार चांगलं झालं. पण कोणत्या घराण्याच्या कोणत्या कारागिराने कोणता तंबोरा केला, भोपळा कसा निवडला, घोडी कधी बदलली याच्या वाद्यागणिक नोंदी व्हायला हव्यात, आणि करणारे हात आहेत तोवर व्हायला हव्यात. वायसनबॉर्न यांना विचारायला कुणी उरलेलं नाही. मिरजेत गल्लीत जाऊन विचारता येतं.

वाचणाऱ्यांना एक विनंती. हवाईयन गिटार भारतातही खूप वाजली. हवाईयन गिटारवादक टाऊ मो आपल्या कुटुंबासह १९४० च्या दशकात कोलकात्यात राहिले होते, मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिपली आणि हजारासिंग यांच्या हातून ती घराघरांत पोचली. कुणाच्या माळ्यावर, आजोबांच्या सामानात जुनी, पोकळ, चौकोनी दांडीची गिटार असेल तर कृपा करून ती पॉलिशवाल्याकडे नेऊ नका. तारा सैल करा. साउंडहोलमधून छोटा आरसा आणि टॉर्च घालून मागच्या फळीवर शिक्का आहे का ते बघा. फोटो चार हवेत: पुढून, मागून, घोडीचा जवळून, आणि आतला. नटापासून (डोक्याजवळ तारा जिथे टेकतात ती पट्टी) घोडीपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. वायसनबॉर्नमध्ये ते साधारण २५ इंच असतं. शिक्का निघाला नाही तरी पाठवा. नोंदवहीत तिला जागा आहे.