अननोन बरोबर आला, मग मार्क का कापले?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी मायक्रोबायोलॉजी शिकवते म्हटल्यावर मुलं हे विचारतातच, हल्ली पालकही विचारायला लागलेत, की मॅडम, आमच्या मुलाने अननोन बरोबर ओळखला होता तरी मार्क कमी, आणि शेजारचीचा चुकला तरी तिला जास्त, हा कुठला हिशोब?

अननोन म्हणजे काय ते आधी सांगते. टर्मच्या शेवटी प्रत्येकाला नंबर घातलेली एक ट्यूब मिळते, त्यात कुठला तरी बॅक्टेरिया असतो, आणि टर्मभर जे जे शिकलो ते वापरून, ग्रॅम स्टेन (रंग देऊन पेशी जांभळ्या दिसतात की गुलाबी ते बघणं), कॅटलेज, शुगर फर्मेंटेशन, इमविक (इंडोल, मिथिल रेड वगैरे चार टेस्टचा संच), जे लागेल ते करून तो कोण आहे हे शोधायचं. माझ्याकडे याला ५० मार्क आहेत आणि त्यातले नावाला फक्त १०. उरलेले ४० जर्नलचे, म्हणजे लॅबमध्ये केलेलं सगळं नोंदवायच्या वहीचे. हे मी पहिल्याच तासाला सांगते, छापूनही देते, पण तो कागद मुलं उघडतात मार्क कळल्यावर.

आता ती दोन जर्नलं. एका मुलाने ई. कोलाय लिहिलं होतं आणि ते होतंही ई. कोलायच. मॅकॉन्की नावाच्या मीडियावर (बॅक्टेरिया वाढवायचं खाद्य) गुलाबी कॉलन्या, म्हणजे बॅक्टेरियाचे ठिपके, इमविक प्लस प्लस मायनस मायनस, अगदी पुस्तकातला टेबल उचलून ठेवल्यासारखं. फक्त तारखा बघितल्या तर बुधवारी ट्यूब्ज लावल्यात आणि चारही टेस्टचं रीडिंग गुरुवारचं. इंडोल एक वेळ २४ तासांत वाचता येतं, पण मिथिल रेडला आमच्या पद्धतीत ४८ तास ठेवायचं असतं, आणि गुरुवारी संध्याकाळी इन्क्युबेटर उघडला तेव्हा त्याच्या नंबरची मिथिल रेडची ट्यूब आत तशीच होती, रीएजंटचा थेंबही न पडलेली. म्हणजे याने मॅकॉन्कीवर गुलाबी बघितलं, ई. कोलायच असणार असं धरलं आणि बाकी पुस्तकातून उतरवलं. नावाचे १० मिळाले. जर्नलचे जेमतेम १२. पालकांचा फोन आला तो याच मुलाबद्दल.

दुसरं जर्नल एका मुलीचं. पहिल्याच ग्रॅम स्टेनला तिला काही रॉड, म्हणजे काडीसारख्या पेशी, जांभळे दिसले, काही गुलाबी. बहुतेक मुलं इथे जे जास्त दिसतं ते लिहून मोकळी होतात. हिने लिहिलं, दोन्ही रंग आहेत, एकतर कल्चर मिक्स झालंय नाहीतर जुनं झालंय, मग परत स्ट्रीक केलं (सुट्या कॉलन्या मिळाव्यात म्हणून प्लेटवर रेघा ओढून पसरवलं), सगळ्या कॉलन्या एकसारख्याच आल्या हे नोंदवलं, त्यातली एक सुटी कॉलनी घेऊन ताज्या कल्चरवर स्टेन केला, आता सगळे जांभळे. बॅसिलस जुना झाला की त्याची वॉल कमजोर होते, क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग धरून ठेवत नाही आणि पेशी गुलाबी दिसायला लागतात, हे कारणही तिने दोन ओळींत लिहिलं. मग मॅनिटॉलच्या ट्यूबपाशी अडली, बॅक्टेरिया मॅनिटॉल फर्मेंट करतो का ते बघायची ती टेस्ट. पिवळी झाली तर पॉझिटिव्ह, लाल राहिली तर निगेटिव्ह, आणि हिची नारिंगी. तिने तसंच लिहिलं, रंग नारिंगी, खात्री नाही, निगेटिव्ह धरतेय. त्यामुळे ती बॅसिलस सिरियसवर पोचली आणि होता बॅसिलस सबटिलिस. नावाचे शून्य. जर्नलचे ३७. आता करा बेरीज.

यात मेहेरबानी काही नाही. तिचं जर्नल हातात घेऊन मी दोन मिनिटांत सांगू शकले की गाडी नेमकी कुठे चुकली, ती मॅनिटॉलची ट्यूब अजून एक दिवस ठेवली असती तर उत्तर सुटलं असतं. त्या मुलाचं जर्नल घेऊन काहीच सांगता येत नाही, कारण त्यात काही घडलेलंच नाहीये. पुढे हीच मुलं एखाद्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बसणार, तिथे पेशंटच्या सॅम्पलच्या मागे उत्तरं छापलेली नसतात.

चित्रांचंही तेच. मायक्रोस्कोपच्या १००एक्स ऑब्जेक्टिव्हवर तेल टाकून जे दिसतं ते काढा म्हटलं की निम्मी मुलं पुस्तकातले सुबक, एका रांगेतले गोल काढतात. तुमच्या स्लाइडवर डाग आहेत, स्टेन गोळा झालाय, पेशींचे ढीग पडलेत, तर ते काढा की. घाण स्लाइडच्या खऱ्या चित्राला मी सुंदर खोट्या चित्रापेक्षा जास्त मार्क देते.

कॉलनी काउंटवर सगळ्यात जास्त रडारड होते. ३० ते ३०० कॉलन्या असलेली प्लेटच मोजायची, त्याच्या खाली असतील तर आकडा भरवशाचा नाही आणि वर असतील तर कॉलन्या एकमेकींत मिसळतात, मोजता येत नाहीत. समजा एक लाख पट डायल्यूट केलेल्या सॅम्पलचं ०.१ मिली पसरवलं आणि १५६ कॉलन्या आल्या, तर एका मिलीत १५ कोटी ६० लाख सीएफयू, म्हणजे कॉलनी बनवू शकणारे जिवंत बॅक्टेरिया. ०.१ मिलीचा तो दहाचा गुणाकार दर वर्षी अर्धा वर्ग विसरतो. त्याला मी एकच मार्क कापते, गणिताची चूक आहे, होते. पण प्लेट गच्च भरलेली असताना कोणी ४१२ असा नेमका आकडा लिहून पुढे गणित केलं असेल तर तिथे पूर्ण प्रश्न गेला. मोजण्यापलीकडे असं लिहायचं आणि पुढची प्लेट घ्यायची, एवढं सोपं आहे ते.

हजेरीबद्दल बोलायचं तर मी कडक आहे आणि राहणार. ई. कोलायला चांगलं मीडियम आणि ३७ डिग्री मिळालं की वीसेक मिनिटांत तो दुप्पट होतो, तुमची सुट्टी संपायची वाट बघत नाही. आज लावलेली प्लेट उद्या बघायलाच हवी, सोमवारी आलात तर कॉलन्या पसरलेल्या असतात आणि मीडिया सुकलेला. आजारी असाल तर आधी कळवा, कोणीतरी प्लेट फ्रीजमध्ये ठेवेल, वाढ मंदावते. नुसतं असाइनमेंट उशिरा दिलं तर दिवसाला थोडे मार्क जातात, त्याचं मला फार काही वाटत नाही.

थिअरीत घोकंपट्टी चालते का, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. पास होण्यापुरती चालते. ऑटोक्लेव्ह १२१ डिग्री, १५ पीएसआय, १५ मिनिटं हे पाठच पाहिजे, त्याला इलाज नाही. पण वरचे मार्क हवे असतील तर मी विचारते, मायकोप्लाझ्मावर पेनिसिलिन का चालत नाही? पेनिसिलिन सेल वॉल बनू देत नाही हे सगळ्यांना पाठ असतं, मायकोप्लाझ्माला सेल वॉल नसते हेही पाठ असतं, दोन वेगवेगळ्या चॅप्टरमध्ये, आणि पेपरात ती दोन वाक्यं शेजारी आणणारे मोजकेच निघतात.

मग नेमकं करायचं काय, तर जर्नल लॅबमध्येच लिहा, पेनने, घरी जाऊन फेअर करू नका, चुकलं तर एक आडवी रेघ मारा आणि बाजूला बरोबर लिहा, व्हाइटनर दिसला की मला शंका यायला लागते. प्रत्येक रीडिंगला तारीख आणि वेळ. आणि हो, बॅक्टेरियाचं नाव इंग्रजीत लिहिताना पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, दुसरा शब्द स्मॉल, दोन्हींखाली वेगवेगळी रेघ. त्याचा अर्धा मार्क मी दर वेळी कापते आणि त्यावर माझ्याशी वाद घालायला येऊ नका.