विहिरीच्या बोर्डाची जुनी फाइल

बाबांच्या मोटर वायंडिंगच्या दुकानात लाल बांधणीची एक जाड वही आहे. कुठल्या मोटरला किती स्लॉट, किती टर्न, तार किती गेजची, हे सगळं त्यात बाबांच्या अक्षरात आहे. काही नोंदींपुढे दोन शब्द जास्तीचे असतात: ‘विहीर खारी, वॉर्निश दोनदा.’ चाळीस वर्षांपूर्वीचं पान आजही उघडतं आणि वाचता येतं. मी २०११ साली केलेल्या सर्किट बोर्डाची फाइल २०२४ च्या पावसाळ्यात उघडायला गेले, तर ती उघडेना. तिथून पुढचे तीन महिने कसे गेले ते लिहिते. देवगडात बसून हे काम करताना विचारायला जवळ कुणी नव्हतं. दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

बोर्ड साधा आहे. आमच्याकडे कातळात खणलेल्या विहिरी एप्रिल-मेमध्ये तळाला जातात. कलमांना पाणी सोडून माणूस घरी येतो आणि तिकडे पंप कोरडा फिरत राहतो. ‘गो बाय, पाणी नसताना रातभर फिरत रवलो,’ असं म्हणत एकजण तरी दर उन्हाळ्यात जळलेली मोटर घेऊन दुकानात येतोच. विहिरीत स्टीलच्या दोन सळ्या सोडायच्या, त्यांच्यातून पाण्याचा पत्ता घ्यायचा आणि पाणी सुटलं की रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने, स्टार्टर बंद करायचा, एवढंच काम या बोर्डाचं. सळ्यांना सतत डीसी दिला तर एक सळी झिजून जाते, म्हणून त्यांना उलटसुलट पल्स द्यावे लागतात. ते काम एटीमेगा ८ ही मायक्रोकंट्रोलर चिप करते. बाकी रिले, ट्रान्सफॉर्मर, पाच व्होल्ट देणारा ७८०५, विजेच्या झटक्यासाठी व्हॅरिस्टर. वळवाच्या पावसात वीज लाइनवर उतरली तर पहिला बळी त्या व्हॅरिस्टरचा जातो, बाकीचं बहुतेक वेळा वाचतं.

हा बोर्ड मी डिप्लोमाला असताना सर्किट बोर्ड आखायच्या ईगल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये काढला होता. पहिले काही नग घरीच केले: लेझर प्रिंट, कपड्यांची इस्त्री आणि फेरिक क्लोराइड. मागणी वाढल्यावर पुण्याहून करून आणू लागले. फाइल एकदा तयार झाली होती, ती तशीच दरवर्षी पाठवायची. तेरा वर्षांत उघडायची वेळच आली नाही.

वेळ आली ती मोबाइलमुळे. बागायतदारांना घरी बसून कळायला हवं होतं की पंप चालू आहे की पाण्याअभावी थांबलाय. म्हणजे बोर्डावर मोबाइल नेटवर्कला जोडणारं जीएसएम मॉड्यूल आलं, त्याचा वेगळा पुरवठा आला आणि बोर्ड १२० बाय ८५ मिलिमीटर झाला. ईगलच्या मोफत आवृत्तीत तांब्याचे दोन थर आणि ८० चौरस सेंटिमीटरपर्यंतच बोर्ड काढता यायचा. माझा १०२ होत होता. शिवाय ईगल २०१६ पासून ऑटोडेस्ककडे आहे आणि ७ जून २०२६ नंतर ते बंद होणार, असं कंपनीने २०२३ मध्येच जाहीर केलं होतं. वर्षाला चाळीस-पन्नास बोर्ड विकणाऱ्या माणसाने आज ना उद्या घर बदलायचंच होतं. मी कीकॅड हे तशाच कामाचं सॉफ्टवेअर निवडलं. फ्रान्समधल्या ज्याँ-पिएर शारा यांनी ते १९९२ मध्ये सुरू केलं. २०१३ पासून सर्न या संशोधन संस्थेने त्याच्या विकासाला हातभार लावला. पैसे नाहीत, आकाराची मर्यादा नाही आणि सगळ्या फाइली साध्या मजकुराच्या. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटला. नोटपॅडमध्ये उघडली तरी दिसते अशी फाइल म्हणजे बाबांच्या वहीच्या जातीची.

कीकॅड ८ उतरवायला एक जीबीहून जास्त डेटा लागतो. पावसात आमच्याकडे लाइट आणि नेट एकदमच जातात, म्हणून कणकवलीला मावसबहिणीकडे जाऊन ते पेन ड्राइव्हवर आणलं.

आता शिकण्याबद्दल. ज्याला ईगलची सवय आहे त्याच्या हाताला हे सुरुवातीला फार जड जातं. ईगलमध्ये आधी हुकूम निवडायचा आणि मग वस्तूवर टिचकी मारायची. कीकॅडमध्ये वस्तूवर कर्सर नेऊन कळ दाबायची: एम म्हणजे हलव, आर म्हणजे फिरव, एक्स म्हणजे ट्रॅक (तांब्याची वाट) ओढायला लाग, ओढता ओढता व्ही दाबलं की व्हाया, म्हणजे दुसऱ्या थरावर जायचं छिद्र. दुसरा फरक याहून खोल आहे. ईगलमध्ये स्कीमॅटिक (सर्किटची आकृती) आणि बोर्ड दोन्ही उघडे ठेवले की एकातला बदल दुसऱ्यात तिथल्या तिथे दिसतो. इथे तसं नाही. स्कीमॅटिकमध्ये बदल करायचा आणि एफ८ दाबून तो बोर्डात न्यायचा. एका संध्याकाळी मी रेझिस्टर वाढवला आणि बोर्डात तो येत का नाही म्हणून तासभर लायब्ररी तपासत बसले. तिसरं म्हणजे सिंबल (आकृतीतली खूण) आणि फूटप्रिंट (बोर्डावरची छिद्रांची जागा) इथे वेगवेगळे राहतात, त्यांचं लग्न आपण लावायचं. आधी ही कटकट वाटली. नंतर लक्षात आलं की कुठला पाय कुठल्या छिद्रात जातो हे आपण निदान एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघतो.

शिकायला मी जुना बोर्ड घेतला नाही. एक ७८०५, दोन कपॅसिटर आणि एक एलईडी एवढाच बोर्ड स्कीमॅटिकपासून गर्बर फाइलपर्यंत, म्हणजे कारखान्याला पाठवायच्या फाइलपर्यंत, चार वेळा केला. कुणी विचारलं तर हेच सांगेन: जुनी फाइल आयात करून शिकायला सुरुवात करू नये. चूक आयातीतली आहे की आपली, हे नवख्याला कळतच नाही.

मग मुख्य काम. माझी फाइल ईगल ५ ची, म्हणजे बायनरी, नोटपॅडमध्ये वाचता न येणारी. कीकॅड वाचतं ते ईगल ६ पासूनच्या एक्सएमएल, म्हणजे मजकुराच्या, फाइली. म्हणून जुन्या लॅपटॉपवर ईगल ७ टाकलं, फाइल त्यात उघडली आणि नुसती पुन्हा सेव्ह केली. नोटपॅडमध्ये पहिल्या ओळीत एक्सएमएल दिसलं आणि जीव भांड्यात पडला. स्कीमॅटिक आणि बोर्ड या दोन्ही फाइलींचं नाव एकच हवं आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये हव्यात. मग कीकॅडच्या मुख्य खिडकीतून ईगल प्रोजेक्ट आयात करायचा. नुसता बोर्ड वेगळा आयात करता येतो, पण मग स्कीमॅटिकशी त्याचा धागा जुळत नाही.

मध्येच एक खिडकी येते: ईगलचा कुठला थर कीकॅडच्या कुठल्या थरावर न्यायचा? ईगलमध्ये थरांना नंबर असतात. २० म्हणजे बोर्डाची कड, २१ म्हणजे वरची पांढरी छपाई. मी ‘आपोआप जुळव’ दाबलं, यादीवरून नजर फिरवली आणि पुढे गेले. बोर्ड पडद्यावर आला, अगदी माझाच. प्रत्येक ट्रॅक जागच्या जागी होता. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

तपासणी चालवली तर स्कीमॅटिकमध्ये ४३ चुका. त्यातल्या बऱ्याच एकाच प्रकारच्या होत्या: पुरवठ्याच्या पायाला वीज कोण देतंय हे कीकॅडला कळत नव्हतं. तिथे पॉवर फ्लॅग लावला की ती ओरड थांबते. तांब्याचा भराव बी ही कळ दाबून पुन्हा भरून घेतला. नवा जीएसएमचा भाग जोडला. डीआरसी, म्हणजे बोर्ड नियमांत बसतो का याची तपासणी, स्वच्छ आली. कड, थर, ट्रॅक सगळं नीट दिसत होतं. गर्बर फाइली पुण्याला पाठवल्या आणि दुसऱ्या दिवशी फोन आला, ‘मॅडम, ड्रिल फाइल कुठाय?’ कीकॅडमध्ये ती वेगळं बटण दाबून काढावी लागते. ती पाठवली. आठवड्याने पाच बोर्ड आले.

पार्सल उघडून मी नवा बोर्ड खिडकीशी धरला. जुना बोर्ड उजेडात धरला की रिलेच्या खालून एक चीर उजळते. ती खाच मी मुद्दाम ठेवली होती. तिच्या एका बाजूला २३० व्होल्ट, दुसऱ्या बाजूला पाण्यातल्या सळ्यांकडे जाणारी वायर. समुद्राकडच्या हवेत बोर्डावर मिठाचा ओलसर थर बसतो आणि त्या थरावरून वीज पृष्ठभागानेच सरकते. खाच असली की तिला चालायला जमीनच उरत नाही. नव्या बोर्डात उजेड आलाच नाही. पाचही बोर्ड सलग होते.

रात्री फाइल उघडून शोधलं. खाच होती. ईगलमध्ये मी ती ४६ नंबरच्या, म्हणजे मिलिंगच्या थरावर काढली होती. आयातीत ती नुसत्या रेखाटनाच्या थरावर गेली होती आणि तो थर कारखान्याकडे जातच नाही. यादीत ती ओळ माझ्यासमोर होती आणि मी नीट वाचली नव्हती. रेषा कडेच्या थरावर नेली, त्रिमितीय चित्र उघडलं, भोक आरपार दिसलं.

पण मला झोप लागली नाही ती वेगळ्याच गोष्टीमुळे. डीआरसी स्वच्छ आली होती. आलीच असती, कारण २३० व्होल्टच्या ट्रॅकपासून किती दूर राहायचं हे मी जुन्या फाइलमध्ये नियम म्हणून कधी लिहिलंच नव्हतं. ते अंतर मी डोळ्याने राखलं होतं. खाच का आहे हेही कुठे लिहिलं नव्हतं. ते माझ्या डोक्यात होतं. आयातीत रेषा आल्या. डोक्यातलं कसं येणार? बाबांनी ‘विहीर खारी’ हे दोन शब्द लिहिले होते, मी तेवढंही लिहिलं नव्हतं.

म्हणून पुढचा महिना मी नवीन काही काढलं नाही, फक्त लिहीत बसले. २३० व्होल्टच्या नेटांचा (जोडण्यांचा) वेगळा नेटक्लास, म्हणजे गट, केला आणि त्याला ६ मिलिमीटर अंतर दिलं. तांब्याची जाडी ३५ मायक्रॉन धरून रिलेच्या ट्रॅकची रुंदी पुन्हा काढली आणि तीही नियमात घातली. नियम बसल्यावर डीआरसीने तीन जागा लाल केल्या. त्यातल्या दोन २०११ पासून तशाच होत्या.

दुसरी चूक त्याच पाच बोर्डांवर सापडली. नव्या बझरसाठी मी बीसी ५४७ घेतला होता, सिंबल कीकॅडच्या लायब्ररीतून. तिथे सर्वसाधारण एनपीएन ट्रान्झिस्टर पायांच्या क्रमानुसार वेगवेगळे आहेत आणि मी एमिटर-बेस-कलेक्टर क्रमाचा उचलला. बीसी ५४७ चा सपाट भाग आपल्याकडे धरला की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. बेस मधोमध असल्याने ट्रान्झिस्टर उलटा फिरवून बसवला आणि बझर वाजला. डायोडचंही बघून घ्यावं: कीकॅडमध्ये पाय १ म्हणजे कॅथोड. माझ्या जुन्या लायब्ररीत आकडे नव्हते, ए आणि सी ही अक्षरं होती.

आता पाठवण्याआधी मी कागदावर एकास एक प्रिंट काढते, जुना बोर्ड त्यावर ठेवते आणि छिद्रांतून टाचणी टोचून बघते. गर्बर फाइली पुन्हा वेगळ्या दर्शकात उघडते, कारण कारखाना माझा प्रोजेक्ट बघत नाही, त्या फाइलीच बघतो.

एक आनंदाची गोष्ट राहिली. कीकॅड ७ पासून संगणकातले आपले फॉन्ट वापरता येतात, म्हणजे मराठीही. स्कीमॅटिकवर रिलेच्या शेजारी मी लिहिलं: ‘ही खाच काढू नये. खारी हवा.’ मग वाटलं, बोर्डावरच का नको? आतापर्यंत टर्मिनलांपाशी इंग्रजी आद्याक्षरं होती आणि दर बसवणीला वायरमनचा फोन यायचा, ‘ताई, विहिरीची वायर खयच्या स्क्रूक?’ पहिल्या खेपेला अक्षरं एक मिलिमीटरची ठेवली, तर छपाईत शिरोरेघ आणि वेलांट्या एकमेकांत मिसळल्या. दुसऱ्या खेपेला जाड फॉन्ट घेऊन अडीच मिलिमीटर केली.

ते पंचवीस बोर्ड जानेवारीत एसटीच्या पार्सलने आले. बाबांनी एक उजेडात धरला, खाचेतून आरपार बघितलं, चष्मा वर करून टर्मिनलांवरून बोट फिरवत वाचलं, ‘विहीर. टाकी. मोटर.’ आणि लाल वही काढून त्यात बोर्डाचा नंबर लिहिला. फेब्रुवारीत जामसंड्याच्या एका बागेत पहिला बसला. त्या दिवशी वायरमनचा फोन आला तो बिल कुणाच्या नावाने करू, एवढंच विचारायला.